उमेदवारी संपली, नावं कुठं गेली?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रहो, आणि मागं उभ्या राहिलेल्या आयाबहिणींनो, पुढं येऊन बसा. मी फार लांबवणार नाही, मला पाळीवर जायचंय.

संयोजकांनी माझी ओळख 'तरुण कवी' अशी करून दिली. ते अर्धं खरं. उरलेला अर्धा मी गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. या उन्हाळ्यात मी एका कलासंस्थेत 'इंटर्न' होतो. ती इंटर्नशिप गेल्या आठवड्यात संपली, त्याबद्दल बोल म्हणाले.

इंटर्न म्हंजे आपल्या भाषेत उमेदवार. लेथवर, शिंप्याच्या दुकानात, तमाशाच्या फडात पोरगं उमेदवारीला लागायचं. पगार नसायचा, पण जेवण मिळायचं. उस्ताद कानफटात द्यायचा आणि हातही शिकवायचा. इथं कानफटात नव्हती, जेवणही नव्हतं. एसी होता.

१९६१ चा अप्रेंटिस कायदा म्हणतो, उमेदवाराला विद्यावेतन द्या. 'इंटर्न' हा शब्द आला आणि कायदा दाराबाहेर राहिला. शब्द बदलला की मजुरी बुडते, हे गोदीवाल्याला कुणी शिकवायला नको. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. ते आमच्या बापजाद्यांनी भांडून मिळवले होते. मग कंटेनर आले, ठेका आला. माणूस तोच, गोणी तीच, पण तो आता 'कामगार' नाही, 'ठेक्याचा माणूस'.

माझ्याबरोबर सहा इंटर्न होते. पोरं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. एकीनं मला लॅपटॉपवर आवाज कापायला-जोडायला शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. पण ती फुकट राबू शकत होती, कारण रात्री बापाच्या फ्लॅटवर ताट वाढलेलं असायचं. मी दोन महिने रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा कला केली. माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगली ढोलकी वाजवणारी पोरगी आमच्या गल्लीत आहे. ती चार घरची धुणीभांडी करते. तिला कुठली उन्हाळ्याची सुट्टी?

माझ्याकडं काम आलं गाणी गोळा करायचं. आमच्याच वस्तीतल्या म्हाताऱ्यांची गाणी. पाळणे, ओव्या, बाबासाहेबांवरची गाणी. यातल्या कितीकजणी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईला आलेल्या. जातं गावाकडं राहिलं, ओवी बरोबर आली. एक आजी हात रिकामे ठेवून गाऊच शकत नव्हती. गळा उघडेना. मग तिनं सूप घेतलं, तांदूळ पाखडायला लागली आणि गाणं सुरू झालं. रेकॉर्डिंगवाला म्हणतो, सुपाचा आवाज येतोय, बंद करा. मी म्हणालो, अरे, तोच तिचा ठेका आहे, राहू दे. राहिला.

सात आठवडे, सोळा बाया, एक्केचाळीस गाणी.

मग गुळगुळीत कागदावर अहवाल छापला. त्यात लिहिलं, 'सोळा लाभार्थी'. मी तीनदा वाचलं. गाणं बायांनी दिलं, आमच्या टोळक्याला चहा बायांनी पाजला, आणि लाभार्थीही त्याच! बड्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानं नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलंय, आणि त्या यादीत कला आणि वारसाही बसतो. असू द्या. पैसा घेऊ नका असं मी म्हणत नाही, तो आमच्याच घामाचा आहे. पण हिशोबाच्या वहीत गाणारी बाई घेणेकरी कशी काय होते?

मी विचारलं, यांची नावं कुठायत? उत्तर आलं, "फॉरमॅटमध्ये तो कॉलम नाही."

भावांनो, ठेकेदार कितीही चोर असला तरी मस्टरवर माणसाचं नाव लिहितो. एका माणसाची दोन माणसं लिहील, पण लिहील.

नाव ही छोटी गोष्ट नाही. शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो आणि गर्दीला कळतं कुणाचं गाणं. ओवीत बाई बापाचं नाव घालते, भावाचं घालते, भीमाचं घालते. स्वतःचं घालत नाही. म्हणून ते लिहिणं, लिहून घेणाऱ्याचं काम आहे.

आणि हे होत नाही असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आज 'पारी'वर ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावासकट, गावासकट. तिथं कॉलम सापडला!

कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. गाणारीचा तिच्या गाण्यावर हक्क आला, तो आज पन्नास वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक दिलं: हे मी गायलंय, माझं नाव लावा, असं म्हणायचा हक्क. निरक्षर बाईलाही आहे. तिच्या अंगठ्यालाही आहे.

शेवटच्या दिवशी केक होता. सर्टिफिकेट मिळालं, मी घेतलं. फाडून फेकायला मी काय सिनेमातला हिरो नाही, ते कुठंतरी नोकरीला दाखवता येईल. मग 'तुमचा अनुभव लिहा' असा फॉर्म दिला. त्यावर मी सोळा नावं लिहिली, आडनावासकट, गावासकट. अनुभव लिहायला जागा उरली नाही. मॅडम म्हणाल्या, विचार करू. एक्केचाळीस गाण्यांची कॉपी बायांना द्या म्हणालो, तर म्हणाल्या पाठवू. अजून आलेली नाही.

सोमवारी माझी दुपारपाळी आहे. सकाळी दहाला आम्ही सगळे त्या ऑफिसात जाणार आहोत, सोळाच्या सोळा बाया, सूपवाली आजीसुद्धा. ढोलकीवालीनं एका घरचं काम बुडवायचं कबूल केलंय. तुमच्यातल्या ज्यांना यायचंय त्यांनी या, पण जिन्यानं चढा. लिफ्ट लहान आहे, म्हाताऱ्यांनाच चार खेपा लागतील.