धडधाकट माणसांच्या आतड्यात



डिसेंबर उजाडला की दक्षिण कोरियातल्या आरोग्य तपासणी केंद्रांत गर्दी उसळते. तिथं सरकारी तपासणीची पाळी जन्मसालावर ठरते. सम साली जन्मलेल्यांनी सम वर्षी जायचं, विषम सालातल्यांनी विषम वर्षी. मग वर्ष सरत आलं की राहिलेले सगळे एकदम धावतात. या बाबतीत ते आणि आपण सारखेच! यातले बरेच नोकरदार त्याच फेरीत मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपीही, उरकून घेतात. पोटात दुखत नसतं, भूक चांगली असते, तरीही.

तयारी मात्र नको वाटेल अशी. दोन-तीन दिवस आधीपासून किमची बंद, कारण तिच्यातली लाल मिरचीची भरड आतड्यात चिकटून राहते. तीळ बंद, समुद्रशेवाळ बंद, बियांची फळं बंद. आदल्या दिवशी पांढऱ्या तांदळाची पेज. मग रात्री आणि पहाटे लिटरच्या हिशोबानं औषधाचं पाणी प्यायचं आणि संडासाच्या आसपासच राहायचं. तपासणीला बहुतेकजण गुंगीचं इंजेक्शन घेतात, त्यामुळे पुढचं काही कळत नाही.

अशा धडधाकट माणसांत काय सापडतं, हे तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आहे. पन्नाशीतल्या साधारण तिघांपैकी एकाच्या आतड्यात अडेनोमा जातीचा पॉलिप निघतो. चाळिशीत पाचांमागे एक, आणि तिशीतही दहातल्या एकाच्या आसपास. पुरुषांत जास्त, बायकांत कमी. सिगारेट ओढणारे आणि पोट सुटलेले यात पुढे.

आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. आतड्याच्या अस्तरावर उगवलेली ही अळंबी. कधी देठाची, कधी चपटी, बहुतेक वेळा पाच मिलिमीटरच्या आतली. काही जातींचं तर पुढे काहीच होत नाही. अडेनोमा मात्र बिघडू शकतो, आणि तो सेंटीमीटरभर वाढला किंवा त्याच्या पेशींची ठेवण फार बदलली की डॉक्टर गंभीर होतात. असे पॉलिप पन्नाशीतही शंभरातल्या मोजक्याच लोकांत सापडतात. बिघाड व्हायलाही बहुधा दहा-एक वर्षं जातात. तेवढ्या अवधीत दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून पॉलिप काढता येतो, आणि पेशंट संध्याकाळी घरी जातो.

आता थोडी शंकाही घ्यायला हवी. हे आकडे तपासणीला स्वतःहून येणाऱ्यांचे. त्यात शहरी, पगारदार मंडळी जास्त. शेतावरचा म्हातारा त्यात कमीच. शिवाय किती पॉलिप सापडतील हे बघणाऱ्यावरही असतं. २००६ मध्ये अमेरिकेत बारा डॉक्टरांचं काम तपासलं गेलं. दुर्बीण बाहेर काढताना सहा मिनिटं किंवा जास्त वेळ देणाऱ्यांना घाईवाल्यांच्या दुपटीहून अधिक वेळा काहीतरी सापडलं होतं. आतडं तेच, फरक सवडीचा!

कोरियानं हे सगळं हौसेनं मांडलेलं नाही. २०१२ च्या जागतिक अंदाजात मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तो देश सर्वांत वर होता, लाखामागे ४५ रुग्ण. त्याआधीच, २००४ मध्ये, पन्नाशीपुढच्यांसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी तिथल्या सरकारी कार्यक्रमात आली होती. तिच्यात रक्त आढळलं तरच सरकारी खर्चानं दुर्बीण.

भारतात या कर्करोगाचं प्रमाण त्या मानानं बरंच कमी आहे. आपला सरकारी कार्यक्रम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर भर देतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कोरियाचं पाहून आपण सरसकट प्रत्येकाला दुर्बिणीखाली झोपवायची गरज नाही.

पण आपल्याकडे शौचावाटे रक्त गेलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून माणूस महिनोन्‌महिने मलम लावत बसतो. श्रोतेहो, तसं करू नका. रक्त दिसलं, शौचाची सवय विनाकारण बदलली, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा आजार झालेला असेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. घरात आजार असेल तर चाळिशीलाच, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात तो झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणी करून घ्या.