दिवाणखान्यातलं खारं पाणी



सभागृहात शिरताना एका गृहस्थांनी दारातच गाठून विचारलं, "घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायला खर्च किती येतो हो?" उत्तर आधीच देऊन टाकतो. गोड्या पाण्याच्या टाकीला येतो त्याच्या कैक पट, आणि त्यातला मोठा वाटा पहिला मासा घरात यायच्या आधीच उडालेला असतो. तेवढी तयारी नसेल तर गप्पी पाळावेत, एंजल पाळावेत. त्यात कमीपणा काही नाही.

तयारी असेल तर सुरुवात जमिनीपासून करा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी म्हणजे साडेचारशे लिटर पाणी. काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप, म्हणजे गाळणीची टाकी, धरला तर वजन सहाशे किलोंच्या पुढे जातं, आणि ते सगळं आठ चौरस फुटांवर बसतं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार धरून आखलेला असतो. म्हणून टाकी भिंतीलगत, बीमच्या आधाराने ठेवायची आणि त्याआधी इंजिनिअरला विचारायचं. जुन्या वाड्याच्या माडीवर ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

आता पाणी. "गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणलं तर?" हा प्रश्न मला दरवेळी येतो. शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो, तेव्हा तो नाद सोडा. नळाचं पाणीही थेट चालत नाही; त्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट असतं, कधी पाइपातलं तांबं असतं, आणि तांब्याचा अंशही प्रवाळांना आणि कोळंबीला विष. पाणी आरओमधून आणि पुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनमधून काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर आणायचं, मग त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ घालायचं. स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे! ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळंच असतं. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 आलं की जमलं. पुढे रोज पाण्याची वाफ होते, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून उणीव भरायची ती गोड्या पाण्याने. इथे खारं पाणी ओतणारे लोक टाकी हळूहळू मारत असतात आणि दोष माशांच्या दुकानदाराला देतात.

टाकी भरली, दगड रचले, पंप सुरू झाला की पाणी लख्ख दिसतं आणि मासे सोडायला हात शिवशिवायला लागतात. या हौसेतले पुष्कळ मृत्यू याच घाईत होतात. माशांच्या मलमूत्रातून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू दगडाच्या भोकाभोकांत वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाका. बहुतेक किटमध्ये पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर थांबायचं. मधेच वाळूवर तपकिरी थर चढतो, मग हिरवं शेवाळ येतं. घाबरून टाकी उपसू नका; तेही ओसरतं.

दगड पाणी शुद्ध करतात हे 1961 साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी जगापुढे मांडलं. त्यांच्या टाक्यांत यंत्रं जवळजवळ नव्हतीच. समुद्रातून आणलेले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढंच. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे एक उभी नळी. तिच्यात बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटते, फेस होऊन वर चढते आणि कपात जमा होते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मळकट फेस साचतो, तोही असाच. त्या कपातला तपकिरी रेंदा एकदा हुंगा, आपण पाण्यात काय ठेवत होतो ते कळेल.

पाणी जमलं की प्रवाळांकडे वळू. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि यजमानाला पोसतं. म्हणून निळ्या छटेचा जोरदार एलईडी दिवा लागतो. तापमान 25-26 अंशांवर ठेवायचं. आपल्या वैशाखात ते जमवायला संपवर पंखा, नाहीतर चिलर हवा. फार वेळ तापलं तर शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो, तेव्हा निदान एक पंप इन्व्हर्टरवर असू द्या.

आता ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही ते. 2001 साली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. काळी प्रवाळं, सी फॅन, समुद्रघोडे हेही त्याच यादीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रातून काढलेला 'लाईव्ह रॉक', म्हणजे मघाचा तो जिवंत दगड, हा बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो, तेव्हा तोही नको. सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे दगड घ्या, बाटलीतले जिवाणू सोडा, थोडा जास्त वेळ द्या. यादीत नसलेली मऊ प्रवाळं, म्हणजे मशरूम, लेदर, झोअँथस, आपल्याला पुरेशी आहेत. नवख्याला झेपतातही तीच. फक्त झोअँथसच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि तो दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. वाफेतून आख्खं घर आजारी पडू शकतं.

कायदा जाचक वाटतो, असं हौशी मंडळी मला सांगतात. मला तसं वाटत नाही. इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक 1854 साली आलं आणि इंग्लंडात जो तो बादली घेऊन किनाऱ्यावर धावला. खडकांमधली डबकी ओरबाडली गेली. त्यांच्याच मुलाने, एडमंड गॉस यांनी, 1907 च्या आठवणींत त्याबद्दल खंत नोंदवली आहे. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून धरायची चाल पडली. त्यात मासा तर खंगतोच, आजूबाजूचं प्रवाळही मरतं. आपल्या विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँकेवर प्रवाळं आहेत, मालवणलाही आहेत. ती तिथेच राहिलेली बरी.

क्लाउनफिश मात्र खुशाल पाळा. त्याची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साधली आहे. जोडी आणली की गंमत बघा: हे मासे जन्मतः नर असतात आणि दोघांतला वरचढ पुढे मादी होतो.

उद्या दुकानात गेलात तर आधी एवढंच विचारा: हा मासा पैदास केलेला, की समुद्रातून धरलेला? आणि पावती मागा. पावती मिळत नसेल तर पिशवी तिथेच ठेवून घरी या.