संध्याकाळीच नेट का रखडतं?

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण आहे पैशांचाच.

दिवाळीआधी आमच्या गटाला प्रदर्शनात स्टॉल हवा होता. अर्ज ऑनलाइन, शेवटचा दिवस, मुदत रात्री बारापर्यंत. आमच्या सचिवताई आठ वाजता बसल्या. चकलीचे, लोणच्याच्या बरण्यांचे फोटो चढवायचे होते. ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. बारा वाजले, फोटो चढले नाहीत, स्टॉल गेला. पुढच्या बैठकीत ताई म्हणाल्या, "मोठा प्लॅन घेऊ, महिन्याला तीनशे रुपये जास्त." अर्ध्या बायका तयार झाल्या. मी म्हटलं, थांबा. सकाळी दहाला हेच नेट पळतं, मग संध्याकाळीच त्याला काय होतं?

आमचं नेट केबलच्या तारेतून येतं. त्या तारेत टीव्हीसारखेच चॅनल असतात. आठ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका चॅनलमधून साधारण ५० एमबीपीएस जातात, आणि ते त्या चॅनलवरच्या सगळ्या घरांचे मिळून. कुठला मोडेम कुठल्या चॅनलवर बसवायचा हे केबलच्या ऑफिसातलं सीएमटीएस नावाचं यंत्र ठरवतं.

आता गिरण डोळ्यांसमोर आणा. दोन चक्क्या आहेत. गिरणवाला दोन्हींकडे सहा-सहा बायका उभ्या करतो. वरवर न्याय झाला. पण एका रांगेत सगळ्यांकडे दोन-दोन किलोचे डबे, आणि दुसरीत तिघींकडे लग्नघरची पोती! डोकी मोजून रांग लावली की असं होतं. यंत्रालाही दोन्ही पद्धती सांगता येतात: मोडेम मोजून वाटणी कर, किंवा चॅनल किती भरलाय ते बघून कर. दुसऱ्या पद्धतीत चालू असतानाही मोडेम इकडून तिकडे हलवता येतो. मात्र हलवताना नेट क्षणभर अडखळू शकतं. म्हणून थोड्याशा फरकासाठी हलवायचं नाही, अशी मर्यादा घालून ठेवतात. नाहीतर बाई बिचारी डबा घेऊन दोन चक्क्यांमध्ये येरझाऱ्याच घालणार.

आपल्याकडून वर जाणाऱ्या फोटोंची वाट वेगळी असते, आणि येणाऱ्या वाटेपेक्षा बरीच अरुंद. तिथेही अशीच वाटणी लागते. शिवाय कुणाच्या घरी तारेचं टोक सैल असेल तर तिथून गोंगाट शिरतो आणि त्या भागातल्या सगळ्यांचीच परतीची वाट बिघडते. दोष एकीच्या घरी, त्रास आळीला. (हे ऐकून आमच्याकडे दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या, ते सोडा.)

आम्ही आठवडाभर वहीत वेग लिहिला. सकाळी दहा, दुपारी तीन, रात्री नऊ. लॅपटॉपला तार लावून, वायफायवर नाही. कारण वायफायचा दोष केबलवाल्याच्या माथी मारला की तो हात झटकतो, आणि तेव्हा त्याचं बरोबरच असतं. दिवसभर मंद असेल तर बहुधा तार, जोड किंवा मोडेम बघावा. फक्त रात्री मंद असेल तर गर्दी.

वही दाखवल्यावर तंत्रज्ञ दादा गप्प झाला. त्याने मोडेमचं पान उघडलं. बऱ्याच केबल मोडेमचं ते १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर दिसतं. आमचा मोडेम जुना, एकाच चॅनलवर चालणारा. २००६ साली आलेल्या डॉक्सिस ३.० पासूनचे मोडेम एकाच वेळी अनेक चॅनल जोडून घेतात, त्यामुळे एक भरला तरी बाकीचे असतात. आळीतले आमच्यासारखे सगळे जुने मोडेम त्याच एका चॅनलवर दाटीने बसलेले निघाले. मोठा प्लॅन घेतला असता तर? भरलेल्या चक्कीसमोर मोठा डबा घेऊन उभ्या राहिलो असतो, एवढंच.

ऑफिसने तीन-चार मोडेम दुसऱ्या चॅनलवर हलवले. आमचा मोडेम बदलून मागितलाय. तो "पुढच्या आठवड्यात" येणार असं तीन आठवडे ऐकतेय. पण रात्री नऊचा आकडा आता दुप्पट झालाय, आणि तीनशे रुपये पेटीतच आहेत. पुढच्या प्रदर्शनाचा अर्ज आम्ही गेल्या मंगळवारी भरला. सकाळी दहाला.