गाण्याचे पहिले वर्ष

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आणली, म्हणून विद्वानांना ते परिचित आहे. आजचा विषय मात्र मातीखालचा नव्हे. अशा गावच्या भजनी मंडळात वाढलेला एखादा मुलगा पुण्यास येऊन विद्यापीठात गायन हाच विषय घेतो, तेव्हा पहिल्या वर्षी त्याचे काय होते, एवढेच पाहावयाचे आहे.

गावी तो नावाजलेला असतो. काळी चारमध्ये त्याने अभंग उचलला की देवळाबाहेर आवाज जातो. पेटी सूर पुरविते, पखवाज लय सांभाळतो. पुण्यास पेटी बाजूला राहते आणि समोर तंबोरा येतो. पंचमाची एक तार, जोडाच्या दोन आणि खर्जाची एक, अशा अवघ्या चार तारा; पण खुंट्या पिळता पिळता अर्धा तास जातो, तरी त्या जुळत नाहीत. जवारीचा दोरा केसभर सरकला की नाद पालटतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, आणि पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो. इतकी वर्षे जो सूर पक्का मानला तोच चढा निघाला, हे कानाला ज्या दिवशी कळते तो दिवस मोठा अवघड. त्यातच पट्टी काळी एकवर उतरते. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच. पण एकेक मात्रा एवढी लांबते की, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर वाढलेल्या या मुलाची सम हुकते, ती हुकतेच.

पूर्वी हे सारे गुरुगृही होई. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी असेच शिकले. त्यांनीच ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याला वर्ग, क्रम आणि परीक्षा दिली. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात तशीच शाळा काढली. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे. त्याच्या नावाशी ‘गुरुकुल’ हा शब्द आजही जोडलेला आहे. परीक्षेने गवई होत नाही, असे म्हणण्याची रूढी आहे. ते खरेही असेल. पण परीक्षेपूर्वीच्या काळी शेतकऱ्याच्या मुलाला, मुलीला तर विशेषच, गुरूचे दार किती वेळा उघडे सापडे, हेही विचारले पाहिजे. अडचण निराळीच आहे. सत्र ठरल्या दिवशी संपते आणि गळा पंचांग जाणत नाही.

दिवाळीत मुलगा गावी येतो. मंडळी हौसेने गावयास बसवितात. तो खालच्या पट्टीत, संथपणे, डोळे मिटून षड्ज लावतो. “पोरगं होतं ते बी विसरलं,” असे कोणी हळूच म्हणते. उसाच्या पैशातून फी भरणारे वडील ते ऐकतात आणि काहीच बोलत नाहीत. मुलालाही उत्तर देता येत नाही, कारण जुने सुटले आहे आणि नवे अजून हाती लागलेले नाही.

कार्तिकातला काकडा चालू असतो. पहाटे तो पुन्हा देवळात उभा राहतो, काळी चारमध्येच अभंग उचलतो. गळा साथ देतो. मात्र गंधारावर आला की तो पेटीच्या सुरापासून तसूभर खाली थांबतो, आणि म्हातारा पेटीवाला बोटे तशीच ठेवून त्याच्याकडे पाहतो.