मिळकतीला मोकळी वाट
(कफ परेड मच्छीमार नगरातील सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)

या वस्तीसमोरच्या मनोऱ्यांतील नोकरदार आता येथील नोकरी न सोडता परदेशी वास्तव्यास जाऊ शकतो. काम संगणकावरून चालते. एस्टोनियाने २०२० साली त्यासाठी खास व्हिसा काढला. पोर्तुगालने २०२२ साली काढला, पण अट घातली ती तेथील किमान वेतनाच्या चौपट मिळकतीची.

दहावी न झालेला कोळ्याचा मुलगा मात्र आखातात मजुरीस निघाला, तर १९८३च्या परदेशगमनविषयक कायद्यान्वये त्याला सरकारी मंजुरी लागते; आणि तेथील कफाला पद्धतीने अशा मजुरांचा मुक्काम वर्षानुवर्षे मालकाशी जखडून ठेवला. कतारने २०२० साली हे बंधन सैल केले. त्यामागे जगभरच्या कामगार संघटनांचाही रेटा होता.

मिळकतीला सीमा आपण होऊन वाट देतात. श्रमिकाला ती संघटनेच्या बळावरच मिळवावी लागेल.