सहा मिलिमीटरचं गणित
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. माझ्या आधी डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले. मी गॅरेजवाला. तेव्हा एका गाडीचीच गोष्ट सांगतो. गाडी आपल्याच वर्गातल्या एकाची आहे. तो इथे बसलाय, आणि नाव घ्यायचं नाही या अटीवर त्याने परवानगी दिली आहे. कृपया मागे वळून बघू नका.

आपण शाळेत होतो तेव्हा गाडीचं ट्युनिंग म्हणजे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवणं. मिस्त्री कान लावून ऐकायचा, प्लग काढून रंग बघायचा. वीटकरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आता ते काम ईसीयू करतो, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्यामुळे हवा किती आली हे कळल्याशिवाय पेट्रोल किती सोडायचं हे त्याला ठरवता येत नाही.

आपल्या मित्राच्या १.८ लिटर टर्बो गाडीत हवा मोजायला एअर फिल्टरच्या पुढे एक नळी आहे आणि नळीत सेन्सर. सेन्सरमधली एक बारीक पट्टी विजेने तापती ठेवलेली असते. हवा आली की ती थंड होते आणि पुन्हा तापवायला जास्त वीज लागते. त्यावरून हवेचं वजन काढतात. पण सगळी हवा काही त्या पट्टीवरून जात नाही, जाते फक्त मधली थोडीशी. बाकीचा हिशोब ईसीयूमधल्या तक्त्यात असतो: इतके व्होल्ट म्हणजे सेकंदाला इतके ग्रॅम. तो तक्ता त्या एका नळीपुरताच खरा.

आमच्या मित्राने नाना पेठेतून मोठी नळी आणली. मूळची आतून ६० मिलिमीटर, नवी ६६. सेन्सर जुनाच, नव्या नळीत बसवलेला. "सहाच मिलिमीटर रे," तो म्हणाला. पण व्यास १० टक्के वाढला की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, हे आपल्याला भूमितीत शिकवलं होतं. नळीतून १२१ ग्रॅम हवा जात होती आणि सेन्सर १०० सांगत होता. सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याला नळी बदलल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं.

आठवड्याभरात चेक लाइट लागला. स्कॅनर लावला तर कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ही तूट ईसीयूला कळवत होता आणि ईसीयू बिचारा २० टक्के पेट्रोल वरून घालून कसंबसं सांभाळत होता. पीयूसी मात्र पास! ती चाचणी गाडी उभी ठेवूनच होते, इंजिनावर ओझं नसताना.

इथून पुढची चूक माझी. मूळ फाइल जपून ठेवली आणि तक्त्यातले सगळे आकडे १.२१ ने गुणले. कर्वे रोडवर ट्रायल मारली. गाडी लोण्यासारखी. दुरुस्ती २० टक्क्यांवरून दोनवर आली. मी खूश. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साताऱ्याकडे निघालो. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये मी पूर्ण रेस दिली. "ओढतेय की मस्त!" असं तो म्हणेपर्यंत बॉनेटखालून बाटलीत खडे हलवल्यासारखा आवाज आला. पाय काढला. हात ओले झाले होते, खोटं कशाला बोलू.

घाटात हवा विरळ म्हणून झालं असेल, असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. पण हा सेन्सर वजनच मोजतो, विरळ हवेचा हिशोब त्यात आपोआप येतो. कारण वेगळं होतं. नव्या नळीत हवा सरळ करणारी जाळी नव्हती, आणि सेन्सरच्या अगदी आधी पाइपाचं वळण होतं. हवा कमी असताना १.२१ बरोबर येत होतं. जास्त हवेला प्रवाह एका बाजूला झुके आणि सेन्सरच्या वाट्याला आणखी कमी येई. पूर्ण रेसला बहुतेक ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाहीत, तक्त्यावरच चालतात. म्हणजे जिथे चूक सर्वांत मोठी, तिथेच दुरुस्ती करणारं कोणी नाही. शिवाय त्याच आकड्यावरून ईसीयू इंजिनावरचं ओझं ठरवतो. ओझं कमी वाटलं म्हणून त्याने ठिणगीही लवकर टाकली. नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो, पण किती घेणार? अजून चार-पाच चढ असे मारले असते तर पिस्टनला भोक पडलं असतं.

आपल्या प्रयोगशाळेतले सर आठवतात? वजन करण्याआधी रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर आहे का, हे बघितल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. मी एकदा बघितला नव्हता आणि वर्गाबाहेर उभा राहिलो होतो. खंबाटकीच्या कडेला गाडी लावून उभा होतो तेव्हा तेच आठवलं.

परत आल्यावर गाडी रोलरवरच्या डायनोवर चढवली आणि सायलेन्सरमध्ये अचूक लॅम्डा मीटर बसवला. लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर जुळलेलं. पूर्ण ओझ्याला तो ०.८३ च्या आसपास हवा होता, वरच्या व्होल्टला ०.९५ येत होता. मग एकेक व्होल्ट धरून आकडे दुरुस्त केले. एका वेळी अर्धीच दुरुस्ती, पुन्हा धाव, पुन्हा नोंद. शेजारच्या आकड्यांत पायरी राहिली तर गाडी झटके देते, म्हणून रेषा गुळगुळीत करायची. पूर्ण दिवस गेला. खालच्या टोकाला १.२१ टिकलं, वरच्या टोकाला ते जवळजवळ १.४ झालं.

आणि एवढं करून ताकद किती वाढली? मोजता येईल इतकी नाही. टर्बो मूळचा, सायलेन्सर मूळचा, जुनी नळी कुठे अडतच नव्हती. त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न. कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं डायनोचं बिल देताना. त्यावर तो जे बोलला ते गुरुजनांसमोर सांगत नाही.

जुनी नळी आणि जुनी फाइल परत बसवली. डायनोचे पैसे मी घेतले नाहीत. ६६ ची नळी माझ्या टेबलावर असते, पेनं ठेवायला. आज बरोबर आणली आहे, चहाच्या वेळी ज्याला बघायची असेल त्याने बघा.