वॉर्डात कान, डोळे, हात



तरुण डॉक्टरांनो, बक्षिसांची वाट पाहताय, तरी पाच मिनिटं अभ्यासाबद्दल बोलतो. पहिल्या वर्षाची मुलं अलीकडे हमखास सांगतात, 'सर, मी व्हिज्युअल लर्नर आहे.' पाहून, ऐकून, वाचून-लिहून की करून शिकणं आवडतं, हे विचारणारी 'व्हार्क' प्रश्नावली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची. १९९२ मध्ये ती सहकाऱ्यासह प्रसिद्ध झाली. आवडी असतातच. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांना २००८ मध्ये सगळं संशोधन तपासूनही मिळाला नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर ऐकायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवून कान द्यावा लागतो. रंगीत आकृती कितीही सुंदर असली तरी तो ऐकू येत नाही. वाढलेली प्लीहा रुग्णाने खोल श्वास घेतला की बोटांना लागते. हिस्टॉलॉजीची स्लाइड मात्र डोळ्यांनीच वाचायची. कोणतं इंद्रिय वापरायचं हे आजार ठरवतो.

शिवाय आवडीची पद्धत सोपी वाटते, आणि तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र पान मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता! परीक्षेच्या आदल्या रात्री चौथ्यांदा तेच पान रंगवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर आठवावा.

आज मनसोक्त नाचा, गा. सोमवारी वॉर्डात गेलात की केसपेपर उघडण्याआधी हिस्ट्री स्वतः घ्या, तपासा, तुम्हाला वाटतं ते निदान लिहून ठेवा आणि मगच युनिटच्या सरांपुढे केस मांडा. चुकाल, बोलणी खाल, खुशाल खा. फक्त एकाच दुखऱ्या पोटावर दहाजणांनी हात ठेवू नका. दोघांनी तपासा, बाकीच्यांनी दुसऱ्या खाटेकडे जा. पोट दुखणाऱ्या त्या मावशींना तपासण्याआधी विचारा, आणि निघताना त्यांचं पांघरूण नीट करून या.